पाकिटावरची सवाष्ण

लालबागच्या चाळीतल्या त्या घरात सकाळी मिरच्यांचे देठ खुडण्याचं काम नेहमीसारखं चाललं होतं. घरच्या धंद्यातल्या मसाल्याचं प्रमाण थोरल्या सुनेचं, शेवंतीचं; भाजणीही तिचीच. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी मसाला कुटायच्या यंत्राची, डंखाची पूजा झाली, तेव्हा तिला शेजारच्या खोलीत बसवलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तरी विधवेची सावली पूजेवर नको! मिरची भाजायला मात्र तिचे हात चालतात.

मसाल्याच्या ब्रँडची नोंदणी करायची म्हणून दुपारी दीर गौतम तिला दादरच्या वकीलबाई मृणालिनी यांच्याकडे घेऊन गेला. सोबत सासू रमाबाई होत्या.

"'मालवणी मसाला' हे नाव एकट्या तुमचं म्हणून नोंदवता येणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते सगळेच वापरतात. 'लालबाग' हे जागेचं नाव, 'झणझणीत' हे नुसतं वर्णन. ट्रेडमार्क म्हणजे तुमचाच माल ओळखू येईल अशी खूण. पाकिटावरचा हा चेहरा चालेल. फक्त ज्यांचा आहे, त्यांची संमती हवी."

टेबलावरचं पाकीट शेवंतीने पहिल्यांदाच पाहिलं. फोटो तिचाच, गेल्या वर्षीचा. पण कपाळावर ठसठशीत कुंकू. नवऱ्याच्या दहाव्याला घरच्यांनी जिला पुसून टाकलं होतं, ती बाई पाकिटावरून तिच्याकडे बघून हसत होती.

"वहिनी, सही कर ना. फॅमिलीचाच ब्रँड आहे," गौतम म्हणाला.

"हे कुंकू कोणी लावलं?"

"डिझायनरने, कॉम्प्युटरवर. बोडकं कपाळ बघून पाकीट कोण उचलणार?"

शेवंती वकीलबाईंकडे वळली. "कुंकवाशिवाय नोंदणी होत नाही का, मॅडम?"

"होते. कायदा कपाळ बघत नाही."

"मग मी आहे तसा फोटो लावा. आत्ता सही करते."

रमाबाई उसळल्या, "तुझा पांढरा कपाळ घरोघर धाडूचा? धंदो बुडतलो!"

शेवंतीने कागद मागे सरकवला. पाकिटावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"माझं तोंड अशुभ असेल, तर पाकिटावरही नको. हिच्यासाठी मी सही करणार नाही. ही सहा वर्षांपूर्वी मेली."

अर्ज गेला नाही. आधीच छापायला टाकलेली हजार पाकिटं आली, ती घरात पडून आहेत. शेवंती त्यांच्या शेजारी बसून काम करते, आणि ती हजार तोंडं तिच्याकडे बघत राहतात.

कायदा कुठल्या खुणा नाकारतो, ते मृणालिनीबाईंना तोंडपाठ आहे. त्यांत विधवेचं कपाळ कुठेच नाही. ते नाकारतो आपण, दुकानात उभं राहून, हातात पाकीट धरून.