उर्दूची चार कपाटं

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झाली, तेव्हा औरंगाबादेत शहागंजातल्या वाचनालयाला हुकूम आला: पाच वर्षांत कुणी नेलं नाही ते पुस्तक रद्दीत काढा. ग्रंथपाल सदाशिवरावांनी नव्या कारकुनाला, बद्रीनाथला, सांगून टाकलं, "शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी असते. तिच्यावर गेल्या पाच वर्षांतली तारीख नसेल, किंवा चिठ्ठीच नसेल, तर पुस्तक बाजूला काढ."

सदाशिवराव तरुणपणी बडोद्याला जाऊन हे शास्त्र शिकून आलेले. पुस्तकाला आकडा, आकड्याला कार्ड, कार्डाला खण. निजामाच्या राज्यात त्यांनी हा थाट मांडला, उर्दूची चार कपाटं भरली. आता लोक त्यांना निजामाचा माणूस म्हणत. अशा दिवसांत माणूस कागद न वाचता सही करायला शिकतो. रद्दीच्या यादीवर त्यांनी तशीच केली.

रद्दीची गाडी गेली आणि ती चारही कपाटं रिकामी दिसली. बद्रीनाथ बिचारा मराठी शाळेतला. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्याचा शेवट आपल्या पहिल्या पानाच्या जागी येतो, हे त्याला कोण सांगणार? सांगायला हवं होतं सदाशिवरावांनीच. पोरानं भलताच पुठ्ठा उघडला आणि तिथं चिठ्ठी कुठून असणार!

सदाशिवरावांना रडू यायला हवं होतं. आलं नाही. रागही नाही. मुंग्या येऊन पाय बधिर व्हावा, तसं आतलं सगळं बधिर झालं होतं.

सोमवारी पिशोरचे रामकिसन आले. शेतकरी माणूस, शिक्षण सगळं उर्दू शाळेत. मराठी बोलायचे, पण वाचता यायची ती उर्दूच.

"साहेब, पहिला भाग झाला. शहजादा विहिरीत पडलाय. दुसरा द्या."

"दुसरा नाही."

"कुणी नेला व्हय? थांबतो म्या. घाई नाय."

"रद्दीत गेला. सगळीच गेली. माझ्या सहीनं."

रामकिसननी रिकाम्या कपाटांकडं पाहिलं. "मंग आता म्या काय वाचू?"

त्यांनी परत करायला आणलेला पहिला भाग दाखवला.

"हे बी रद्दीत टाकता का?"

"दुसऱ्या भागाशिवाय हे आता कोण नेणार? पाच वर्षांनी हुकमाप्रमाणं हेही जाईल."

रामकिसननी पुस्तक टेबलावर ठेवलं नाही. सदाशिवरावांनी नोंदवही ओढली. वीस वर्षांत त्यांच्याकडून एक पुस्तक गहाळ झालं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. पुस्तकाच्या आकड्यापुढं त्यांनी लिहिलं: हरवले, ग्रंथपालाच्या हातून.

"न्या घरी," ते म्हणाले. "परत आणू नका."