ओव्हनची ओटी

फाल्गुन आला की साताऱ्याभोवतीचे डोंगर भाजून निघतात. आधी कडा करपतात, मग उतार तांबूस होतात, मग माथ्यावरचं वाळकं गवत पापुद्र्यासारखं तडकतं. आणि आत, दरीच्या खोल पोटात, एखादा ओलसर हिरवा ठिपका उगाच शिल्लक राहतो. वरच्या आचाऱ्यानं ट्रे आत सरकवावा आणि गप्पांत रमून जावं, तसा हा महिना.

त्या करपल्या, कांचनवर्णी, कोरड्याठाक दुपारी मान्यांच्या स्वयंपाकघरात चॉकलेट वितळत होतं.

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर काचेचा वाडगा. वाडग्यात लोण्याची पिवळीधमक वडी, आणि तिच्या अंगावर रेललेले काळेभोर तुकडे. लोणी सैलावलं, चॉकलेट सैलावलं, दोघांमधली हद्द पुसली गेली. आणि अमावास्येनं रेशीम नेसावं तसा एक श्यामल, स्निग्ध, सुगंधी ओघ चमच्यामागून वळू लागला. हेमांगी तो ढवळत होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. देवघरात समई असते तशी ती या घराच्या स्वयंपाकघरात असे. म्हणजे जळत असे, आणि सगळे म्हणत, काय छान उजेड पडलाय.

हेमांगी मान्यांची थोरली सून. आज धाकटीचं, जुईलीचं, डोहाळजेवण.

आजवर ज्यांना ज्यांना या घरात दिवस गेले, त्यांना चिंच हवीशी झाली, आवळा हवासा झाला, फार तर चुलीतली माती. जुईलीला ब्राउनी हवीशी झाली. वर चॉकलेटचं फ्रॉस्टिंग, जाड, बोट बुडेल एवढं. सासूबाईंनी डोहाळ्यांची सगळी गाणी मनातल्या मनात चाळली. एकातही ब्राउनी नव्हती. पण पोटुशीचा शब्द मोडला तर बाळाचे कान फुटतात, असं म्हणतात. सासूबाईंनी ब्राउनी कशाशी खातात हे न विचारता होकार दिला, आणि हेमांगीकडे पाहिलं. कारण ओव्हन हेमांगीचा होता.

ओव्हनची जन्मकथा अशी. पुण्याच्या दवाखान्यातल्या हेमांगीच्या फेऱ्या संपल्या, डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याच वर्षी नवऱ्यानं तो घरी आणला. म्हणाला, तुझं मन रमेल. शेजारणी बघायला आल्या. एकीनं विचारलं, किती लिटरचा? दुसरीनं विचारलं, रात्रीचा त्रास देतो का, म्हणजे वीज फार खातो का? तिसरीनं काचेच्या दारावरून बोट फिरवून सांगितलं, रंगानं सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस. निघताना कुणीतरी त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. हेमांगीनं सगळ्यांना चहा दिला. साखर जरा जास्त घातली.

आज तिला एकच गोष्ट हवी होती. जुईलीची ओटी भरायची होती.

त्यासाठी तिनं पेठेतून पोपटी खण आणला होता, मोरपिशी काठांचा. नारळ कानाशी हलवून हलवून निवडला होता. आतलं पाणी बोलेल असा. सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या 'बघू' म्हणाल्या होत्या. मान्यांच्या घरात 'बघू' म्हणजे डोळे मिटून घेणं.

ओटी लेकुरवाळीनंच भरायची, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. ते बेबीआत्यांच्या तोंडात लिहिलेलं आहे, आणि मान्यांच्या घरात ते तोंड कुठल्याही पोथीपेक्षा जुनं. बेबीआत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. कालच वाईहून आल्या होत्या, स्वतःची उशी घेऊन.

म्हणून हेमांगीनं मनाशी ठरवलं होतं: आजच्या ब्राउनी अशा व्हायला हव्यात, की खाल्ल्यावर कुणाची जीभ 'नाही' म्हणायला वळणारच नाही.

तिनं अंडी फोडली. साखर घालून इतकी फेसली की पिवळ्याचं पांढरं झालं, पांढऱ्याचं धुकं झालं. त्या धुक्यात तिनं तो श्यामल ओघ सोडला. वरून मैदा, वरून कोको, वरून चिमूटभर मीठ, कारण गोडाला आपण गोड आहोत हे कळायला थोडी खारी आठवण लागते. अक्रोड मुठीनं चुरले. पीठ ट्रेमध्ये उतरलं, जड, संथ, गर्भश्रीमंत. ओव्हनचं दार उघडलं, मिटलं. आत दिवा लागला. नारिंगी, उबदार, आतल्या आत तेवणारा.

आणि मग ते फुगू लागलं. न बोलता, न सांगता, काचेपलीकडच्या त्या नारिंगी संध्याकाळी. वर तलम पापुद्रा धरला, पापुद्र्याला बारीक भेग गेली, भेगेतून वास निघाला. आणि बाहेर झोपाळ्याला झेंडू बांधणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

गरम ब्राउनीवर फ्रॉस्टिंग ठरत नाही, वाहून जातं. ब्राउनी निवेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं हा हेमांगीच्या हातचा हमखास जमणारा पदार्थ. ती थांबली. मग लोणी, पिठीसाखर, कोको, साय. सगळं एकजीव करून तिनं ते गार झालेल्या ब्राउनीवर पसरलं. सुरीच्या पात्यानं लाटा काढल्या. काळ्या समुद्रावर चांदणं पडावं तशा त्या लाटा चकाकल्या. पातं गरम पाण्यात बुडवून तिनं वड्या पाडल्या, प्रत्येक वेळी पातं पुसून. एकही कड मोडली नाही.

हॉलमध्ये जुईली झोपाळ्यावर बसली होती. हिरवा शालू, कपाळावर फुलांची बिंदी, मनगटात निशिगंध, आणि या सगळ्या फुलोऱ्याच्या मधोमध सातव्या महिन्याचं पोट, भरल्या घागरीसारखं निश्चिंत. भोवती बायका. पुरुषांना बर्फ आणायच्या निमित्तानं घराबाहेर काढलं होतं. त्यांनाही ते बरंच वाटलं होतं.

ब्राउनी फिरल्या. आधी शांतता पसरली. मग एक दीर्घ, ओला, सामुदायिक उसासा. बेबीआत्यांनी, यात अंडं नाही ना, अशी चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, छे हो. आणि अंडी बिचारी आत्यांच्या तोंडात गप्प राहिली. आत्यांनी दुसरी घेतली. तिसरी रुमालात बांधली. एकीनं रेसिपी मागितली, दुसरीनं मागितली, तिसरीनं हेमांगीचा हात हातात घेऊन म्हटलं, की असे हात सोन्यानं मढवायला हवेत. तिनं तो हात उलटासुलटा करून पाहिला, आणि हळूच परत दिला.

मग ओटी भरायची वेळ झाली. हेमांगी आत गेली आणि तबक घेऊन दारात आली. तबकात तांदूळ, हळदकुंकू, पोपटी खण, बोलका नारळ. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी उजळलं होतं. ते बघणाऱ्यांना आवडलं नाही.

बेबीआत्या रागावल्या नाहीत. आत्या कधीच रागावत नसत. मऊ दातांनी चावण्याची कला त्यांना येत होती.

"आधी लेकुरवाळ्या होऊ देत गं," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी लगेच बाजू सावरली. म्हणाल्या, हेमांगी, अजून एक ट्रे लाव ना, बायकांना पुरणार नाही; तुझ्या हाताला देवानं काय चव दिलीय.

"दिलीय ना," आत्या बोटावरचं फ्रॉस्टिंग चाटत म्हणाल्या. "एका बाईला सगळंच कुठून देणार तो?"

बायका हसल्या. सगळ्यांच्या दातांना चॉकलेट लागलं होतं. हेमांगीनंच लावलेलं.

जुईलीनं खाली पाहिलं. मनगटावरचा निशिगंध सरळ होता. तिनं तो पुन्हा सरळ केला.

हेमांगी तबकासह आत आली. तबक ओट्यावर ठेवलं. पुन्हा पातेलं, पुन्हा पाणी, पुन्हा लोणी, पुन्हा तो श्यामल ओघ. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आज्ञा पाळण्यात तिनं कसूर केली नाही. दुसरा ट्रे आत गेला, दिवा लागला, दार मिटलं. आणि हॉलमध्ये पहिलीनं ओटी भरली, दुसरीनं भरली, कुणीतरी गाणं धरलं, इतरजणींनी ते ओढत नेलं.

हेमांगी ओव्हनपुढे उभी राहिली. ओव्हन फुगत होता. म्हणजे आतलं फुगत होतं. पण पोटुशीच्या बाबतीत हा फरक कुणी करत नाही.

ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोटावर हळद घेतली आणि ओव्हनच्या काचेच्या कपाळावर लावली. कुंकू लावलं. काच तापलेली होती. कुंकू तिथल्या तिथं वाळलं, चरचरलं, पक्कं झालं. तिनं पोपटी खण उलगडून त्याच्या माथ्यावर घातला, मोरपिशी काठ पुढे येतील असा. वर ओंजळभर तांदूळ वाहिले. वर बोलका नारळ ठेवला, शेंडी तिच्याकडे करून.

ओव्हननं आढेवेढे घेतले नाहीत. तुला मुलं किती, असंही विचारलं नाही. थोरल्या जावेनं धाकटीची भरावी, तशी ओटी भरली गेली. बाहेरच्या गाण्याची एक ओळ भिंतीतून आत आली, आणि ओळखीचं कुणी न दिसल्यानं परत गेली.

घंटी वाजली. ओव्हन मोकळा झाला.

हेमांगीनं ट्रे बाहेर काढला. धगधगता, काळसर, नुकता जन्मलेला. या वेळी ती थांबली नाही. उरलेलं फ्रॉस्टिंग तिनं सगळंच्या सगळं वर ओतलं, आणि ते वितळलं, वाहिलं, कडांवरून खाली आलं.

तेवढ्यात जुईली आत आली.

एकटीच आली होती, भरलेली ओटी बाहेर उतरवून, पाणी प्यायचं सांगून. बिंदी घामानं तिरकी झाली होती. तिनं मागे वळून पाहिलं, दार लोटलं, आणि हेमांगीसमोर येऊन उभी राहिली. रिकामा पदर दोन्ही हातांनी पसरला. हिरवा, रेशमी, वाडग्यासारखा खोल.

"बाहेर नको," ती कुजबुजली. "इथंच भरा, वहिनी. कुणाला कळायचं नाही."

कुणाला कळायचं नाही.

बेबीआत्यांचं वाक्य हेमांगीनं गिळलं होतं. सासूबाईंचं गिळलं होतं. बायकांचं हसू, शेजारणींची बोटं, डॉक्टरांचा चष्मा, सगळं तिनं वर्षानुवर्षं गिळलं होतं, बिनसाखरेचं. पण ही माया चोरून आलेली. ही माया दार लोटून, आवाज उतरवून, चप्पल न वाजवता आलेली. ती मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही.

"नारळ दिला मी," हेमांगी म्हणाली.

"कुणाला?"

हेमांगीनं मानेनं दाखवलं.

जुईलीनं पाहिलं. काचेच्या कपाळावर हळदकुंकू, माथ्यावर पोपटी खण, वर नारळ. ती हसली. खळखळून, अंगभर, फुलं हलली, पोट हललं, कानातले हलले. मग तिला दिसलं की दुसरं कुणीच हसत नाहीये. हसू तिच्या ओठांवर तसंच राहून गेलं, लग्न लागून गेल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं.

पण पदर तिनं मिटला नाही.

"मग काहीही घाला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चिमूटभर तांदूळ घाला नुसते."

हेमांगीनं उलथणं घेतलं. ट्रेच्या मधोमध घातलं, जिथं ब्राउनी सर्वांत मऊ असते, सर्वांत ओली, सर्वांत गरम. एक मोठी, चौकोनी, थरथरती वडी अलगद उचलली. रेशमाचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. चॉकलेटचं काय होतं, हेही ठाऊक होतं. तिनं ती जुईलीच्या पदरात सोडली, हलक्या हातानं, जशी सोडायची असते तशी. वर आणखी एक सोडली. मग भांडं कलतं करून त्याला चिकटलेलं फ्रॉस्टिंग बोटानं निपटून घातलं.

पदर खाली झुकला. वाफ आली.

"भाजतंय, वहिनी."

"भाजू दे," हेमांगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. वडीलकी होती. "भरलेली ओटी सांडायची नसते."

जुईलीनं तिच्याकडे पाहिलं. सांडायची नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या आईला माहीत होतं, आईच्या आईला माहीत होतं. सांडली तर काय होतं, ते कुणी सांगत नसे. म्हणून तर ते इतकं खरं होतं. तिच्या बोटांची पेरं लाल झाली. ती पदर सोडेना.

हॉलमधून बेबीआत्यांची हाक आली: उत्सवमूर्ती कुठं गेली, फोटो राहिलेत.

जुईली वळली. हेमांगीनं पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं. सताड उघडलं, दोन्ही फळ्या.

आणि ती निघाली. झेंडूच्या कमानीखालून, गाण्याच्या अर्ध्या ओळीतून, वाट देत मागे सरकणाऱ्या बायकांमधून. दोन्ही हातांनी पदर पोटाशी धरलेला, ओठ दातांखाली, पाऊल जपून, एकही कण सांडू न देता. हिरव्या रेशमातून काळोख पाझरत होता. शुभ्र फरशीवर त्याचा थेंब पडला, दुसरा पडला. गाणं थांबलं. आणि पोटावरचा डाग वाढत होता, वाढत होता. गोल, गर्द, गोड. पावलागणिक एक महिना.