डॉक्टर नसलेल्या सुलेवीचा दगड

सुलेवी वारला आणि पुढच्या वसंतात डॉक्टर झाला. पण तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. फिनलंडातल्या त्याच्या गावात सगळे तसंच धरून चाललेत.

हयातीत तो लिसेन्सियाती होता. म्हणजे मास्टरच्या वर, डॉक्टरच्या खाली. जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसावं तसा. विषय दगडफूल, खडकांवर चढणारं. प्रबंधाचा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता, आणि तो तीस वर्षं तेवढाच राहिला होता. दवाखान्यातले डॉक्टरही पदवीनं लिसेन्सियातीच, त्यामुळे गाव त्याला गुडघे दाखवायचं. मी डॉक्टर नाही, दगडफुलांचा आहे, असं तो प्रत्येक गुडघ्याला समजावून सांगायचा. गुडघा ठणकतच घरी जायचा.

थडग्यावर नावाच्या वर हुद्दा कोरायची रीत आहे. इर्मेलीनं, त्याच्या बायकोनं, पाथरवट कौकोला 'लिसेन्सियाती' असं नीट सांगितलं होतं. कौकोनं मान डोलावली आणि आदरापोटी 'डॉक्टर' कोरलं.

बर्फ वितळल्यावर दगड बसला. इर्मेलीनं वाचला, घरी आली, कॉफी ठेवली. मागोमाग आलेला दीर तौनो वेलदोड्याचा पाव संपवून म्हणाला, "शोभतंय की वहिनी. कोण विचारतंय?"

"हे विचारतील."

"तो कुठून विचारतोय आता?"

"जन्मभर लोकांना दुरुस्त केलं ह्यांनी. आता छातीवर खोटं घेऊन पडायचं?"

दगडफूल चढलं की अक्षरं बुजतील, असं तौनोनं सुचवलं. ते वर्षाला केसाएवढं वाढतं, प्रबंधाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, असं तिनं सांगितलं. कौकोला फोन केला, तर तो म्हणाला, हुद्दा खरवडला तर नावही जाईल.

दगड बदलेना, तेव्हा सुलेवीच बदलायचा राहिला.

दर शरदात विद्यार्थ्यानं आपण हजर की गैरहजर ते विद्यापीठाला कळवायचं असतं. सुलेवीनं ते एकदाही चुकवलं नव्हतं. इर्मेलीनं टेबल पुसलं आणि विद्यापीठाला लिहायला बसली:

"माझे पती सध्या आपल्या अभ्यासविषयाच्या अगदी खाली वास्तव्यास असून त्यांचा एकच अध्याय बाकी आहे. तरी येत्या वर्षासाठी त्यांची नोंद 'गैरहजर' अशी करून, पदवी पूर्ण होईपर्यंत त्यांचा विद्यार्थी म्हणून हक्क अबाधित ठेवावा, ही विनंती."