पहिल्या महिन्याची भिशी

तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीत गेटमधून आत शिरायला कुणालाच त्रास नव्हता. त्रास होता तो कड्यातून शिरायला. सेफ्टी ऑफिसर विपुल साहेबांनी टाकीच्या तोंडाच्या मापाचं एक लोखंडी कडं बनवून घेतलं होतं आणि सर्कशीत वाघासाठी टांगतात तसं ते टाइम ऑफिसच्या दारात साखळीनं टांगलं होतं. टाकी साफ करायला आत उतरणाऱ्या प्रत्येकानं दर सहा महिन्यांनी कमरेला पट्टा बांधून त्यातून पार व्हायचं. जो पार होईल त्याचा पास चालू. जो अडकेल त्याला दोघांनी ओढून काढायचं, चहा पाजायचा आणि कायमचं घरी पाठवायचं. चहाचा खर्च कंपनीचा.

नावड्याचा धर्मा या वेळी पार झाला, पण त्याच्या शर्टाची तीन बटणं कड्याच्या अलीकडंच पडली.

"बटणं नापास," विपुल साहेब ती उचलून त्याच्या हातावर ठेवत म्हणाले. "पुढच्या खेपेला तुझं बघू."

धर्माला टाकी धुण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. घरी बायको अमिता, आई चंद्राबाई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली, अशी चार माणसं त्या कड्यातून रोज जेवत होती. त्यानं एक भाकरी कमी केली. पोटानं त्याची दखलच घेतली नाही. शेवटी तो बेलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. त्यांनी रक्त तपासलं, साखर सापडली, आणि आठवड्याला एक असं इंजेक्शन लिहून दिलं.

"यानं भूक मरते," बाई म्हणाल्या.

किंमत ऐकून भूक तिथंच मेली. पण ती इंजेक्शनानं मेलेली नव्हती, म्हणून जेवायच्या वेळेला परत आली.

"आता बरंच स्वस्त झालंय हे," बाई म्हणाल्या.

"कोनाला?" धर्मानं विचारलं. त्याला खरंच माहिती हवी होती.

महिन्याची चार इंजेक्शनं म्हणजे जवळजवळ अर्धा पगार. ही गोष्ट त्यानं कँटीनमध्ये करिमुन्निसा चाचीला सांगितली. चाचीनं भिशीवर फ्रीज घेतला होता, भिशीवर पोरीचं लग्न लावलं होतं. भिशीनं सुटत नाही असा प्रश्न तिनं अजून पाहिला नव्हता.

"मलाही डॉक्टरनं हेच लिवलंय," ती वडे तळता तळता म्हणाली. "आपुन भिशी लावू. दर महिन्याला एकाची चिठ्ठी. ज्याचं नाव निघंल, त्याचं महिनाभराचं इंजेक्शन."

तिसरा मिळाला फोर्कलिफ्टवाला शोएब आणि चौथा गेटवरचा वॉचमन गोटीराम. त्याला गेट उघडतानाही धाप लागायची, म्हणून तो शक्यतो ते उघडत नसे. चौघांकडं आपापल्या डॉक्टरची चिठ्ठी होती. आता फक्त भिशीची हवी होती.

पहिल्या महिन्यात गोटीरामचं नाव निघालं. त्यानं वड्याकडं बघून तोंड फिरवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या महिन्यात चाचीचं निघालं, आणि तोवर गोटीराम वड्यावर परत आला होता. तिसऱ्या महिन्यात धर्माचं. महिना संपता संपता तो आनंदानं बेलापूरला गेला.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिला महिना अंगाला सवय व्हायचा. डोस छोटा असतो. खरं काम पुढं. मात्र मध्ये थांबू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

धर्मा परत आला आणि त्यानं भिशीला हे सांगितलं. कढईतल्या वड्यांनीसुद्धा तडतडणं थांबवलं.

"म्हणजे आपन चौघंय जन्मभर पहिल्याच महिन्यात?" गोटीराम म्हणाला.

खात्री करायला चौघं ट्रकच्या वजनकाट्यावर एकत्र उभे राहिले. भिशी सुरू करतानाही असेच राहिले होते. काट्यानं तेव्हाचाच आकडा दाखवला. वजन कमी झालं नव्हतं, नुसतं फिरत होतं.

कड्याला तीन महिने उरले होते आणि धर्माला त्या तिन्ही पाळ्या हव्या होत्या.

"आज तुमचं वजन, उद्या माझं, असं फिरवून नाय चालनार," तो हात जोडून म्हणाला. "तुमची नोकरी पोटावर नाय टांगलेली. माझी टांगलीय. माज्या पुढच्या पाळ्या तुमच्या, वर कुनी काय मागाल ते देतो."

शोएबनं आपली पाळी दिली, बदल्यात धर्माचा डबा मागितला. "नुसता डबा नाय हां. भाभीच्या हातचे सुके बोंबील पायजेत." चाचीनं मागितलं की रोज संध्याकाळी कँटीनची मोठी पातेली धर्मानं घासावीत. गोटीरामची मागणी सगळ्यात जड होती. दर रविवारी खांदेश्वरला त्याच्या सासऱ्यांकडं जाऊन त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट त्याच्या वतीनं ऐकायची.

धर्मानं सगळं मान्य केलं. डबा जायचा, पण भूकही गेलेली असल्यानं तक्रार कुणाकडं करायची हे कळत नव्हतं. रोज सकाळी अमिता डबा भरताना म्हणायची, "त्या शोएबला विचारा, मीठ बरोबर होतं का." एका रविवारी सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच बरे. तो गोटीराम कधी ऐकायचा नाही." पँट खाली सरकू लागली तशी धर्मानं पट्ट्याला नवी भोकं पाडली.

कड्याचा दिवस आला. धर्मा त्यातून असा पार झाला की साखळीसुद्धा वाजली नाही. गोटीराम गेट उघडं टाकून बघायला आला. चाचीनं डोळे पुसले.

विपुल साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते त्याच्याकडं बघत राहिले, घर घेणारा माणूस रिकाम्या फ्लॅटकडं बघतो तसे.

"जुन्या प्लांटमधली लहान टाकी माहितीये ना?"

"बंद हाय ना ती? तिच्या तोंडातून कोन जाईत नाय."

"जात नव्हतं."

धर्मानं सरकलेली पँट वर ओढली.

"सोमवारी तू उतरायचं. तिचं कडं बनवायला टाकलंय. पुढच्या खेपेपासून तेच टांगणार."

"पन साहेब, तिला बाहेर स्टँडबाय लागंल. अडकलो तर आत येऊन काडनारा. तसा नियम हाय."

"नियम आहेच. त्या तोंडातून जाऊ शकेल असा माणूस हवा. असा कंपनीत एकच आहे."

"कोन?"

"तू."

"पन मी तर आत असनार."

"म्हणून म्हणतो, अडकू नकोस," साहेब मायेनं म्हणाले. "दोरी धरायला शोएबला उभा करतो."

संध्याकाळी पातेलं घासताना धर्मानं चाचीला पाळ्यांचं विचारलं. पुढच्या तीन महिन्यांत त्याचं नाव नव्हतं. आपल्या वाटच्या पुढच्या पाळ्या विकून तो बारीक झाला होता, आणि आता तिघं एकेक करून त्या वसूल करणार होते. शोएबची पाळी पहिली. तीन महिने दोन-दोन डबे खाऊन तो फोर्कलिफ्टवर बसताना श्वास सोडून बसत होता.

सोमवारी हवा तपासली, दिवा सोडला आणि धर्मा लहान टाकीत उतरला. खांदे घासले, पण गेला. आत चौफेर लोखंड, वर ताटाएवढं आकाश, आणि त्या आकाशात शोएबचं डोकं.

दुपारी आकाशातलं डोकं बाजूला झालं. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग सुक्या बोंबलाचा वास टाकीच्या तोंडातून हळूहळू खाली उतरला. त्याला कड्याची अडचण नव्हती. शेवटचं इंजेक्शन होऊन पंधरवडा उलटला होता.

टाकीत मोठ्यानं गुरगुर झाली. ती चारी बाजूंनी फिरून परत आली.

"ए धर्मा, काय वाजलं रे?" शोएबनं भरल्या तोंडानं विचारलं.

धर्मानं पोटावर हात दाबून धरला.

"टाकी," तो म्हणाला. "शोएब, झाकन लाव डब्याला. पाया पडतो."