खंडेनवमीला उचललेली पहार

मी पहार बोलतेय. अंगाला चिठ्ठी बांधून मला पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत टाकलंय. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘हल्ल्यातील हत्यार’. हल्ला कुणी केला, हे लिहिणाऱ्यानं मला विचारायला नको होतं का?

माझा जन्मच मारहाणीतला. लोहारानं ट्रकचा मोडका ॲक्सल लालभडक तापवला, घण घालघालून मला टोक काढलं आणि चरचरत असतानाच पाण्यात बुडवलं. कुंभारी गावच्या तिप्पण्णानं मला विकत घेतलं. त्याच्या शेतात मी मुरूम फोडला, खडक उखडले, बांधावरच्या नागाचं डोकंही ठेचलं. मग जेसीबी आला आणि मी गोठ्यामागं गंजत पडले. लई संताप यायचा.

यंदा उन्हाळ्यात तिप्पण्णाची लेक सिद्धेश्वरी सासर सोडून आली. मनगट प्लॅस्टरमध्ये, पुढचा दात पडलेला, काखेत कॉम्प्युटर. नवरा शिवू मारायचा, आणि त्यासाठी त्याला दारूही लागत नसे. ती टॉवेल-चादरींची नक्षी काढून कारखान्यांना द्यायची. त्या कामाला तिला परसात खोली हवी होती.

डाव्या हातानं चुन्याची फक्की टाकून तिनं खोली आखली. दहा बाय बारा. उत्तरेला खिडकी, खिडकीशी टेबल, पलीकडं पावण्यांसाठी कॉट. त्या पांढऱ्या रेघांत उभी राहून ती म्हणाली, “आप्पा, दाराला कडी आतनं पायजे.”

“पावण्यांची खोली हाय ती,” तिप्पण्णा म्हणाला. “रिकामी असली की बाहेरनं कडी घालायची. आपल्यात असंच असतंय. आतली बसवू की नंतर.”

लेकीची खोली म्हटलं तर गाव म्हणणार, पोरगी कायमची आली. म्हणून पावण्यांची! काय म्हणावं या माणसांना? पाया खणताना मी सगळा राग जमिनीवर काढला. खोली उभी राहिली. आतली कडी राहिली ती राहिलीच.

खंडेनवमीला मला घासूनपुसून नव्या खोलीत आणलं. कुदळ, हातोडी, पेचकस, शेजारी टेबलावर तिचा कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. “आज हत्याराला हात लावायचा न्हाय,” असं बजावून तिप्पण्णा बायकोला, रत्नम्माला, घेऊन शेतातल्या मोटरीची पूजा करायला गेला.

दुपारी शिवू आला.

सिद्धेश्वरीनं आतून दार लोटलं. हात कडी शोधत फळीवर फिरला. नुसती गुळगुळीत फळी! बाहेरून लाथ बसली, दार तिच्या कपाळावर आदळलं, रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं केस धरून तिला टेबलावर आपटलं. कॉम्प्युटर फुटला. “माहेरात घर बांधतीस व्हय?” म्हणत त्यानं तिचा गळा आवळला.

उचल गं मला, उचल! मी आतल्या आत ओरडत होते. तिचा हात चाचपडत आला आणि माझ्यावर घट्ट बसला.

मी दगड पुष्कळ फोडलेत. गुडघा वेगळा वाजतो. शिवू कोसळला, बोंबलत, सरपटत बाहेर गेला. तिनं दार लावलं, माझं एक टोक फळीला आणि दुसरं फरशीच्या खाचेत रोवलं आणि ओणवी होऊन सगळा भार माझ्यावर टाकला. तिचं रक्त माझ्या कुंकवात मिसळलं.

लोकांनी शिवूला दवाखान्यात नेलं. तिप्पण्णा धावत आला, दार ठोठावू लागला. “सिद्धू, मी हाय गं, उघड!”

“आधी कडी आणा, आप्पा.”

तो तसाच दुकानात गेला. आला तेव्हा घामानं भिजला होता. खिडकीच्या गजांतून त्यानं कडी आत दिली. “पेचकस आतच हाय बघ,” एवढंच कसंबसं म्हणाला. पूजेतला पेचकस उचलून, पुन्हा सुजलेल्या मनगटानं तिनं एकेक स्क्रू आवळला. बाप बाहेर पायरीवर बसून रडत होता. चुकलंच होतं त्याचं.

कडी घालून तिनं दार दोनदा ओढून पाहिलं. मग कडी काढली आणि बापाला आत घेतलं.

मला पोलीस घेऊन आले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत इथंच मुक्काम. या खोलीला कडी बाहेरूनच आहे. माझं एक ठीक, मी लोखंड आहे. पण बाबांनो, लेकीसाठी खोली बांधाल, तेव्हा आतली कडी ‘नंतर’वर ठेवू नका. दर वेळी दाराजवळ मी असेनच असं नाही.