फसलेल्या प्रयोगांचं सत्र

तेरणाकाठ शेतकरी परिषदेची वार्षिक सभा ताहेरभाईंच्या गोदामात भरायची, कारण खुर्च्या तिथंच होत्या. ताहेरभाई निलंग्याचे मंडपवाले आणि परिषदेच्या पाच विश्वस्तांपैकी एक. अकराची वेळ दिली की लोक साडेबाराला येणार, हे धरूनच चालायचं. त्या रविवारी मात्र एक वाजला तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लग्नाची दाट तीथ होती, आणि अर्धे सभासद कुठं ना कुठं अक्षता टाकत उभे होते.

सचिव दीपमाला दाराशी उभी राहून डोकी मोजत होती. तेहतीस. स्वतःला धरून तेहतीस. परिषदेच्या घटनेप्रमाणं एकशे एक्केचाळीस सभासदांपैकी सत्तेचाळीस तरी हजर हवेत. तेवढे नसले तर सभा होत नाही आणि सगळे विषय विश्वस्तांकडं जातात. विश्वस्तांकडं गेले की खेळ खलास, कारण पाचातले तिघं आधीच हो म्हणून बसले होते.

विषय तसा साधा दिसत होता. कृषी मेळावे आपल्याकडं पैशाला पासरी. फेटा बांधलेला शेतकरी उभा राहतो, एकरी किती काढलं ते सांगतो, त्यातलं निम्मं खरं असतं आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. तेरणाकाठची परिषद तसली नव्हती. दर जानेवारीत एखाद्या मोकळ्या झालेल्या रानात ती भरायची. तिकीट नाही, हारतुरे नाहीत, गावोगावच्या बायका भाकरी आणायच्या. आणि तिथं एक गोष्ट होती जी दुसरीकडं कुठंच नव्हती, ती म्हणजे फसलेल्या प्रयोगांचं सत्र. ज्याचं फसलं त्यानं माईकवर यायचं आणि काय केलं, कुठं चुकलं, ते सरळ सांगायचं. कुणी हसायचं नाही, एवढा एकच नियम. उमरीच्या एका हळदवाल्यानं आपली हळद कशी कुजली ते सांगितलं होतं आणि त्यावरून किल्लारीची अकरा घरं सावध झाली होती. ह्या एका सत्रासाठी लोक देगलूरहून यायचे.

आता लातूरची एक औषध कंपनी सगळा खर्च उचलायला तयार होती. लातुरात लॉन, वर पंखे, खाली गालिचा, जेवायला गुलाबजाम. अट एकच, ते सत्र बंद. त्यांचं पीकवाढीचं औषध मारून हात पोळलेल्या दोघांनी गेल्या साली माईकवर तोंड उघडलं होतं, ते त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

आणि हा ठराव मांडणारे कोण, तर अध्यक्ष वैजनाथराव. ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः हे सत्र सुरू केलं, ते! दीपमालाला ह्याचंच कोडं सुटत नव्हतं.

"अण्णा, तुम्हीच लावलेलं झाड तुम्हीच तोडून राहिलात," ती सकाळी त्यांना म्हणाली होती.

"दरसाली तेच रडगाणं कशाला, पोरी? लोकाला चार चांगल्या गोष्टी ऐकू दे," असं म्हणून ते दुसरीकडंच बघायला लागले होते.

दीपमालाला ते सत्र हवंच होतं, त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिनं अळिंबीचं शेड घातलं आणि तीन महिन्यांत ते बुरशीनं बसलं. गावानं तिला पाणवठ्यावर, दुकानावर, एस्टीत चिडवून सोडलं. मग ती ह्या सत्रात उभी राहिली आणि सगळं बोलली. समोर चारशे माणसं बसली होती, पण एक माणूस हसला नाही. त्या दिवशी ती पुन्हा माणसांत आली. पुढं तिला सचिव केलं. ते सत्र गेलं तर ह्या कामात तिला कसलाच जीव उरणार नव्हता.

वैजनाथरावांनी घड्याळ पाहिलं. "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब करू. गैरहजर कोण ते लिहून घ्या, मंग जेवायला उठू."

दीपमालानं सभासदांचं रजिस्टर उघडलं आणि जड मनानं नावं वाचत एकेकापुढं फुली मारायला लागली. पंधरा-वीस फुल्या झाल्या. पुढचं नाव आलं, गुणाबाई शेषेराव. तिनं पेन टेकवलं, आणि त्याच क्षणी मागच्या आवारातून आवाज आला, "अगं हलीव की ते पिठलं, बुडाला धरंल!"

आवाज गुणाबाईंचाच होता.

दीपमालाचं पेन तिथंच थांबलं. तिनं भराभर पानं उलटली. लक्ष्मम्मा चन्नबसप्पा. हुसेनबी ताहेर. नावांमागून नावं. परिषदेची नोंदणी झाली तेव्हा संख्या चांगली दिसावी म्हणून प्रत्येकानं बायकोचं, आईचं नाव घातलं होतं आणि घालून विसरून गेला होता. नंतर कुणी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली नाही. सभेला त्या यायच्या, पण चुलीपाशी. आणि सचिवबाईंनी तरी काय दिवे लावले होते? दोन वर्षं एकाच पाकिटावर ‘श्री. व सौ.’ लिहून नोटिसा धाडल्या होत्या आणि डोकी मात्र फक्त श्रींची मोजली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ कुठं होता?

"अण्णा, दोन मिनिटं. सभा अजून तहकूब न्हाई," म्हणत ती मागं धावली.

आवारात तीन चुली पेटल्या होत्या. "मावशी, चला आत. सगळ्या चला."

गुणाबाईंनी वर पाहिलं. "काय झालं? कुणाला चक्कर आली का?"

"तुम्ही सभासद हाव. अकरा वर्षं झाली. तुमाला मत हाय."

"मला तर कुणी सांगितलं न्हाई."

"मीबी न्हाई सांगितलं. चुकी माझीच हाय. आता चला, पाया पडते. ते सत्र बंद करून राहिलेत."

"कोणतं? फसलेल्याचं?" गुणाबाईंनी काठवटीतलं पीठ तसंच सोडलं आणि बाकीच्यांकडं वळल्या. "उठा गं. भाकरी ऱ्हाऊ द्या."

पिठाच्या हातांच्या एकोणीस बाया गोदामात शिरल्या आणि मोकळ्या खुर्च्यांवर बसल्या. गडीमाणसं बघतच राहिली.

"ह्या कधी झाल्या सभासद?" वैजनाथरावांनी विचारलं.

ताहेरभाईंनी रजिस्टर ओढलं, चष्मा लावून एकोणीसही नावं ताडून पाहिली आणि मिशीत हसले. "वैजनाथराव, इथं तुमचीच सही हाय."

"पण ह्यांना नोटीस कुठं गेली?" मागून एक जण म्हणाला.

"श्री. व सौ. अशी गेली," दीपमाला ठणकावून म्हणाली. "श्री. लग्नाला गेले. सौ. आल्यात. हजर बावन्न!"

गोदामभर हशा पिकला. ठराव वाचला गेला. कुणाला बोलायचं आहे का विचारल्यावर गुणाबाई उभ्या राहिल्या. आधी पदर सावरला, मग बोलायला लागल्या.

"गड्याचं फसलं की त्यो घरात सांगत न्हाई, भावकीत सांगत न्हाई. ताट पुढ्यात घेऊन नुसता बसून ऱ्हातो. आमच्या मालकाचा कांदा गेला तवा मी दोन म्हैने ह्ये बघितलंय. मंग ह्या माईकवर बोलले, आन त्या दिशी घरी येऊन पोटभर जेवले. तुमचा गुलाबजाम घेऊन मी काय करू?"

एवढं बोलून त्या बसल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या मालकांनी, शेषेरावांनी, मान खाली घातली होती, पण ठरावाच्या विरोधात त्यांचाच हात सगळ्यात आधी वर झाला. ठरावाच्या बाजूनं अठरा. विरोधात तेहतीस. अध्यक्ष म्हणून वैजनाथरावांना मत नव्हतं. दीपमालानं आकडा मोठ्यानं वाचला आणि भर सभेत तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही. हुसेनबींनी टाळी वाजवली आणि मग गोदामाचे पत्रे दणाणले.

"चला, झालं मनासारखं. आता भाकरीचं बघा," कुणीतरी भुकेनं कळवळून म्हणालं.

बाया काही उठल्या नाहीत. "अजून काय इषय हायेत?" गुणाबाईंनी विचारलं. शेवटी ताहेरभाईच बाह्या सारून पिठलं हलवायला गेले.

गुणाबाईंनी लगेच स्वतःचा विषय मांडला. हे सत्र दरसाल जेवणानंतर ठेवतात, तेव्हा निम्मे लोक पेंगतात. ते सकाळी पहिलं घ्यावं. एकमतानं मंजूर झालं. पण लगेच प्रश्न आला, परिषदेचं पहिलंच भाषण फसलेल्याचं, तर उठणार कोण? जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला.

वैजनाथराव खुर्चीतून उठले. मग त्यांनी घसा खाकरला.

"माझं नाव लिही, पोरी."

"तुमचं, अण्णा?"

"सोयाबीन. आठ एकर." ते सभेकडं वळले. "त्याच कंपनीचं औषध मारलं. मीच सगळ्याला सत्रात बोलायला लावलं, आन माझ्यावर येळ आली तर माझीच जीभ उचलंना."

कुणी हसलं नाही. दीपमालानं जानेवारीचा कार्यक्रम पुढ्यात ओढला, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, त्यांचं नाव लिहिलं.