मेंढ्यातून वाहणारी नदी

आटपाडीच्या आमच्या कॉलेजात मी मुलांचे प्रकल्प वजनावर तपासायचो. बाइंडिंग जाड असलं की 'स्वतः तपासले' या शिक्क्याखाली माझी सही. वाचतो कोण? नव्या अभ्यासक्रमात मुलांनी बाहेर पडून स्वतः अभ्यास करायचा असं ठरलं, तेव्हा मी स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो होतो.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला साताऱ्याहून क्रांती मॅडम आल्या. समोर शिवतेज बसला होता, घरी सव्वाशे मेंढरं असलेला. त्याचा विषय 'मेंढा: एक अभ्यास'. मॅडमनी मधलंच पान उघडून शांतपणे वाचलं, "मेंढ्यातून वेण्णा नदी वाहते. मेंढ्यात तहसील कचेरी आणि एसटी स्टँड आहे."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, माझं माहेर मेंढ्यातच आहे."

झालं होतं असं, की मोबाइलवर शोधताना पोरानं टिंबच दिलं नव्हतं. हाती लागला जावळीतल्या मेढा गावावरचा प्रकल्प. टिंब द्यायचं राहिलंय असं समजून यानं झेरॉक्सवाल्याकडून सगळीकडे देऊन घेतलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

एकदा वाचायचं तरी, असं मॅडम म्हणाल्या.

"सरबी वाचत न्हाईत की," शिवतेज अगदी निरागसपणे बोलला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. प्रकल्पात शून्य म्हणजे त्याचं वर्ष बुडणार, आणि बुडवणारा मी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चूक माझी आहे, असं मी सरळ कबूल केलं आणि आठ दिवस मागितले. मॅडमनी दिले. फक्त घरच्या मेंढरांचं लिहायचं, अशी अट घातली.

त्या आठ दिवसांत मी त्याला दोनदा परत पाठवलं. 'खूप लोकर' म्हणजे किती? कुणी मोजली? पोरगं वैतागलं, पण तिसऱ्या खेपेला हाताने लिहिलेली चौदा पानं घेऊन आलं. संध्याकाळी कळप परतला की त्याची आई बनाबाई प्रत्येक कोकरू नेमक्या त्याच्या आईखाली कशी सोडते, दुष्काळात कळप कुठवर जातो, सगळं होतं. मी चहा विसरून वाचत राहिलो. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

मॅडम पुन्हा आल्या. प्रश्नांवर प्रश्न झाले. शेवटी त्यांनी विचारलं, मेंढीनं कोकरू जवळ घेतलंच नाही तर?

शिवतेज म्हणाला, "मला म्हाईत न्हाई. आईला इचारून सांगतो."

मॅडम हसल्या आणि त्यांनी फोन लावायला सांगितला. बनाबाईंनी स्पीकरवर सगळं समजावलं: मेंढीच्या दुधानं ओला केलेला हात कोकराच्या अंगावर फिरवायचा, वास ओळखला की घेते. मग त्यांनीच विचारलं, "बाई, पोरगं पास हाय का?"

"पहिला आलाय," मॅडम म्हणाल्या.

सहीसाठी वही माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, मार्गदर्शक: बनाबाई. माझं नाव त्याखाली, तपासणारे म्हणून. मी आनंदाने सही केली. शिक्का तोच होता, पण या वेळी तो खरं बोलत होता.